खंडोजीअण्णांची अर्धी कॉफी

"तिकीट काढलंस का?"

खंडोजीअण्णांचा सकाळचा पहिला प्रश्न हा. बस वेळेवर मिळाली का, जेवणाचा डबा आणलास का, असलं काही नाही. मी मार्केटहून होसूर रोडची बस पकडून बोम्मसंद्र्याला उतरायची, आणि शेडच्या दारात पाऊल टाकायच्या आत हा प्रश्न यायचा. मी मुठीतलं बसचं तिकीट वर करून दाखवायची. मग ते म्हणायचे, "सरी. जा, पाव्हणा वाट बघतोय."

पाव्हणा म्हणजे आमचं राउटर मशीन. इटलीतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं घेऊन पेट्यांतून आणलेलं. मोठं लोखंडी टेबल, त्यावर पुढेमागे सरकणारी कमान आणि कमानीत गरगर फिरणारा कटर. टेबलावर प्लायचा बोर्ड आवळून बसवायचा, कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्रॅम फ्लॉपीतून द्यायचा, की मशीन एका कपाटाच्या बाजू, फळ्या, बिजागऱ्यांची भोकं, सगळं त्या बोर्डातून कापून द्यायचं. पण लाकूड नेमकं कुठे सुरू होतं, हे त्याला आधी सांगावं लागायचं. त्याला झीरो म्हणायचं. बोर्डावर तिकीट ठेवायचं, कटर केसाकेसाने खाली आणायचा, आणि बोटाने ओढताना तिकीट जरासं अडलं की थांबायचं. बेंगळूरच्या बसचं तिकीट पातळ, आणि रोज त्याच जाडीचं. ही युक्ती अण्णांची. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात ती कुठेच नव्हती.

ते पुस्तक इटालियन भाषेत होतं. ते मी वाचलं. डिक्शनरी घेऊन, एकेक शब्द लावत, सगळा पावसाळा घालवून वाचलं. मी बी.ई. आहे, मेकॅनिकल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील चिकपेटच्या मागच्या गल्लीत कोट शिवायचे. नव्वदीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं कॉम्प्युटर कंपन्यांच्या दारात रांगा लावून उभी होती. मला हाताने काहीतरी घडताना बघायचं होतं. अण्णा आमच्या समाजातले, लांबच्या ओळखीचे. "मशीन आलंय, चालवणारं कुणी नाही," असं ते एका लग्नात म्हणाले आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं नाव विचारलं. "शालिनी" म्हटलं. पण त्यानंतर त्यांनी त्या नावाने मला कधी हाक मारली नाही. मी त्यांची 'बीई' झाले.

"काय गं बीई, पुस्तक झालं काय वाचून? मग चालू कर की."

अण्णा उंच, हडकुळे, पन्नाशीच्या आसपास. उजव्या कानामागे लाल पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्यांना लिहिताना मी पाहिलं नाही. ती बोलायची पेन्सिल होती. बोलताना ते समोरच्या प्लायवर तिने टकटक करायचे, आणि नजर माणसाकडे नाही, प्लायकडे ठेवायचे. प्लाय घेताना बोर्डाचा चेहरा बघायचेच नाहीत, कडेला नाक लावायचे. "तोंडावर काय, कुणीपण पावडर लावतंय. कडेनं बघ, आत काय भरलंय ते."

आणि कॉफी. रस्त्यापलीकडच्या टपरीवरून दिवसातून कितीदा तरी कॉफी यायची, पण अण्णांनी अख्खी कॉफी घेतलेली मला आठवत नाही. बेंगळुरात एका कॉफीचे दोन ग्लास करून घ्यायची पद्धत आहे, तिला सगळे 'बाय टू'च म्हणतात. अण्णा कुणाहीबरोबर बाय टू घ्यायचे. गिऱ्हाईक, लाईनमन, वर्गणी मागायला आलेली पोरं, भांडायला आलेला शेजारच्या शेडचा मालक. अर्धी कॉफी हातात आली की माणूस निम्मा गार होतो, असा त्यांचा अनुभव. आमचा सुतार सेल्वम एकदा त्यांना म्हणाला, "रावसार, तुम्ही लग्नातपण बाय टूच घेतली असेल." अण्णा म्हणाले, "घेतली ना. तिनं माझी अर्धीपण पिली."

शेडमध्ये मराठी येणारी आम्ही दोघंच. सेल्वमशी ते तमिळ बोलायचे, हमालांशी कन्नड, चिकपेटच्या मारवाड्यांशी हिंदी. मराठी आमच्या दोघांपुरती, आणि अण्णांनी तिचं एक हत्यार करून टाकलं होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं, अण्णा प्लायवर पेन्सिल टकटकवत, मापं सांगावीत अशा सपाट आवाजात मला मराठीतून त्याच्याबद्दल सांगायचे. "याला स्वस्तातलं पायजे पण तसं म्हणायला लाजतोय. तू महागातलं दाखव, मी खाली आणतो." मी वहीत माप लिहिल्यासारखं करायची. गिऱ्हाईकाला वाटायचं, काय बारकाईने काम चाललंय.

एकदा एक तरुण आला. कॉम्प्युटर कंपनीतला, नवीन फ्लॅट घेतलेला, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलणारा. त्याला किचनची कपाटं आतूनबाहेरून काळ्या लॅमिनेटची हवी होती. अण्णांची पेन्सिल चालू झाली.

"किचन एवढंसं, ऐट राजाची. आत काळं कशाला म्हणतोय सांगू? झुरळं दिसू नयेत म्हणून."

मी ओठ चावून धरला. तो तरुण शांतपणे सगळं बघत होता. मापं झाली, रंग ठरला, तो उठला, आणि दारात थांबून स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाला, "काका, आतून काळंच राहू द्या. झुरळं अजून पुण्याहून सामानाबरोबर यायची आहेत, त्यांना त्याच रंगाची सवय आहे."

अण्णा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्यांनी त्याला दारातून परत आणलं, कॉफी मागवली. बाय टू, अर्थातच. पुढे त्या तरुणाने आपल्या ऑफिसातली कितीतरी माणसं आमच्याकडे पाठवली. माणूस हातातून निसटतोय असं वाटल्यावर त्याला परत कसा धरायचा, हे अण्णांना कळायचं. कबूल करायलाच हवं.

तेलुगूचं मात्र वेगळं होतं.

बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या, हँडलं आणायला आम्ही दोघं चिकपेटला जायचो. तिथे एका दुकानदाराशी अण्णा तेलुगूत बोलायचे, बालपणीचा कोणी असावा तसे. मी बाजूला उभी. मला तेलुगू येतं हे अण्णांना माहीत नव्हतं. आमचं घर वठारात, म्हणजे एका अंगणाभोवती ओळीने खोल्या, आणि शेजारची खोली लक्ष्मम्मांची. आई कामाला गेली की मी दिवसभर त्यांच्याकडे. मराठीच्या बरोबरीनेच तेलुगू माझ्या कानात पडलं. बेंगळुरात कुणाला किती भाषा येतात हे कुणी विचारत नाही, त्यामुळे सांगायची वेळही येत नाही.

एक दिवस दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? अण्णांनी हातातली बिजागरी उघडझाप करत तेलुगूत सांगितलं, "आमच्या शॉपचं डोकं आहे ते. जे पुस्तक कुणाला उलटंसुलटं कळेना ते या पोरीनं वाचलं. माझ्या मुलीच्या ठिकाणी आहे. उद्या सगळं हिलाच बघायचंय."

मी समोरच्या हँडलांकडे बघत राहिले. मला कळलं, हे मी सांगितलं नाही. आपलं कौतुक आपल्या पाठीमागे ऐकायला मिळत असेल तर कोण सोडतं? आणि मला वाटलं, तोंडावर तर माणूस काहीही बोलतो; मला कळत नाही असं समजून जे बोलले, ते खरंच असणार. परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी झोपले आणि मी पिशवीतल्या बिजागऱ्या मांडीवर धरून बोम्मसंद्र्यापर्यंत ताठ बसले.

त्याच वर्षीच्या आयुधपूजेला त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडतात, कोहळ्यात कुंकू भरून दारात फोडतात. सेल्वमने आपल्या रंध्यांना, पटाश्यांना कुंकू लावलं. मशीनला मालक लावतील म्हणून मी ताट घेऊन अण्णांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "मला काय विचारतीस? ज्याचं हत्यार त्यानं पूजायचं. पाव्हणा तुझा." मी टाचा उंच करून कमानीच्या खांबावर अंगठ्याने कुंकू लावलं. खांबाला तेलाचा हात होता, त्यात ते कुंकू जे बसलं ते मग पुसलं तरी गेलं नाही. भुशाच्या थराखालीही लाल दिसायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला एका कॉम्प्युटर कंपनीतून बोलावणं आलं. चांगली नोकरी होती. वर्गातल्या एका मैत्रिणीने माझं नाव दिलं होतं. वडील म्हणाले, घे. त्यांना भुसा, शेड, बसची दगदग काही पसंत नव्हतं. मी अण्णांना सांगितलं. रविवारी ते आमच्या घरी आले. वडिलांच्या कापायच्या फळीवर बसले, आईने दिलेल्या कॉफीतली अर्धी वडिलांच्या ग्लासात ओतली.

"मास्तर, पोरीला सोडू नका तिकडं," ते म्हणाले. "तिथं हजारात एक होईल. माझ्याकडं दुसरं मशीन येतंय. आलं की शॉप बाय टू. अर्धं माझं, अर्धं हिचं. मी आपल्या माणसाशी बोलतोय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वडील फारसे बोलणारे नाहीत. ते उठले, गळ्यातली टेप काढली आणि अण्णांच्या खांद्याला लावली.

"काय करताय मास्तर?"

"नव्या मशीनच्या पूजेला कोट नको? उजवा खांदा खाली आहे तुमचा."

"ओझी वाहिली की."

"दिसणार नाही. मी आत भर घालतो."

कोट राखाडी झाला, दोन बटनांचा. वडिलांनी त्यासाठी लग्नसराईच्या गर्दीतली कामं मागे ठेवली. भेट म्हणून दिला. मी कंपनीला नकार कळवला.

दुसरं मशीन येत नव्हतं. येईल, स्वल्प थांब, असं अण्णा म्हणायचे. मी थांबले. थांबता थांबता पाव्हण्याकडून जे करून घेतलं ते मला आजही तोंडपाठ आहे. कुठल्याही मापाचं किचन सांगा, कपाटांचे भाग बोर्डावर असे मांडायचे की कापल्यावर उरलेल्या पट्ट्या हाताच्या रुंदीच्याही राहू नयेत. तसे प्रोग्रॅम मी एकेक करून रचले. लोक कपाटाचं दार उघडून आत हात फिरवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याच्यासाठी मी नोकरी नाकारली होती.

मग नायडू आले. अण्णा आदल्या दिवशी म्हणाले, "मोठं गिऱ्हाईक हाय, हैदराबादचं. हॉटेलचं काम. तू त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं दाखव. काय झाकून ठेवू नको." मी सकाळी मशीन पुसलं. नायडू साठीचे, सभ्य, पांढऱ्या शर्टातले. त्यांना मी इंग्रजीत सगळं सांगितलं. बोर्ड कसा आवळायचा, फ्लॉपी कुठली, झीरो कसा धरायचा. तिकीट अडतं तो क्षण कळावा म्हणून त्यांच्या बोटात तिकीट दिलं. मग बोर्ड लावला आणि मशीन चालू केलं.

माझ्या पाठीमागे पेन्सिलीची टकटक सुरू झाली.

शब्द कानात शिरायच्या आधी मी ती चाल ओळखली. मापं सांगितल्यासारखा सपाट आवाज. नजर प्लायवर असणार, मागे न बघताही सांगता आलं असतं. फक्त भाषा मराठी नव्हती.

नायडूंनी विचारलं, ही मुलगी गेली तर मशीन चालेल का?

"बटन नोक्कुतुंदी, अंते," अण्णा म्हणाले. बटन दाबते, बस. प्रोग्रॅम सगळे माझे, मशीनबरोबर तुम्हालाच मिळणार. तुमचा माणूस पाठवा, तिच्याकडून शिकवून घेतो. तिला आत्ताच काही सांगायचं नाही.

नायडू म्हणाले, बिचारीला वाईट वाटेल.

अण्णा म्हणाले, चार दिवस रडेल. मग लग्न होईल तिचं.

कटर एका बाजूच्या फळीची भोकं पाडत होता. ओळीने, एकसारखी. मी त्याच्याकडे बघत राहिले. तिथून नजर हलवली असती तर माझा चेहरा त्यांना दिसला असता. नायडू मशीनभोवती फिरून आले, खांबापाशी थांबले. लाल ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय?

"नेने पेट्टानु," अण्णा म्हणाले. मीच लावलं.

विकलेलं मशीन, नाकारलेली नोकरी, अर्ध्या शॉपचं बोलणं, हे सगळं मला नंतर, एकेक करून लागलं. त्या क्षणी लागलं ते हे कुंकू. त्यातून त्यांना काही मिळायचं नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं. उगाच घेतलं.

कमान मागे सरकली, कटर थांबला. नायडू कापलेला भाग उचलायला पुढे झाले. मी म्हणाले, "अय्यिंदंडी. अंचु पदुनुगा उंदी, चेय्यि जाग्रत्त."

झालं म्हटलं. कडेला धार आहे, हात जपा.

टकटक थांबली. नायडूंनी हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. त्यांना लाज वाटली असावी. अण्णांनी पेन्सिल कानामागे लावली.

"तुला तेलुगू येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"बोलायला लागले तेव्हापासून."

ते मनातल्या मनात मागच्या दिवसांत गेलेले मला दिसले. "म्हणजे चिकपेटात..."

"तेही कळलं होतं."

"ते खरं होतं गं बीई."

"आणि हे?"

"हा धंदा हाय." मग जरा खालच्या आवाजात, "दोन्ही नाही झेपलं मला. दुसरं आणायचं सोड, हेच ठेवणं होईना. सांगणार होतो."

"कधी?"

"सगळं ठरल्यावर."

"बाबांना काय सांगू?"

त्यांनी दारात जाऊन टपरीकडे हात केला, दोन बोटं दाखवली. बाय टू आली. माझा ग्लास मशीनच्या टेबलावर ठेवला. तो तिथेच राहिला, वर साय धरली. सेल्वम कोपऱ्यात घासकागद हातात घेऊन नुसता उभा होता. फ्लॉप्यांची पेटी मी टेबलावर ठेवली, शॉपची होती म्हणून, आणि डबा घेऊन बसस्टॉपवर आले.

मशीन हैदराबादला गेलं. माझ्यावाचून ते अडेल, कुणीतरी मला बोलवायला येईल, असं मला बरेच दिवस वाटत होतं. अडलं नाही. सेल्वम एकदा मार्केटमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, तिकडे छान चाललंय, अक्का, तुमचीच कपाटं कापतात. तो चांगली बातमी म्हणून सांगत होता. कॉम्प्युटर कंपनीत माझी जागा केव्हाच भरली होती. दीडेक वर्ष घरी ट्यूशन घेऊन मग मला ड्रॉइंगची नोकरी लागली. वडिलांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त राखाडी कापडाचा उरलेला तुकडा त्यांनी शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता, तो एक दिवस दिसेनासा झाला.

अण्णा मला शेवटचे दिसले ते दशक संपता संपता, चिकपेटजवळच्या एका उभ्याने खायच्या हॉटेलात. मी काउंटरपाशी कूपन घेत होते. उंच टेबलाशी ते एका तरुणाबरोबर उभे. कानामागे लाल पेन्सिल. अंगात तो राखाडी कोट, बेंगळूरच्या भर मार्च महिन्यात. केस पांढरे झाले होते. तरुण हसत होता, अगदी मनापासून, आणि अण्णा टेबलावर बोटाने टकटक करत त्याला मराठीत काहीतरी सांगत होते.

त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, नजर चुकवतील. ते उजळले.

"ए बीई! ये, ये." तरुणाला म्हणाले, "ही बघ. ही माझी पोर. मशीनचं सगळं माझ्याकडं शिकली. हिच्यासारखा झीरो बेंगळुरात कुणी धरत नाही."

हे ते मराठीत म्हणाले, तोंडावर. खरं की खोटं, ते ओळखायची कसोटी माझ्याकडे राहिली नव्हती. त्यांच्यासमोर दोन ग्लास होते, अर्धे अर्धे. त्यांनी आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. "घे, उष्टी नाही."

"नको अण्णा. मी माझी घेतलीय."

हात लांब केल्यामुळे कोटाची बाही वर गेली होती. एक बटन बदललेलं होतं, तपकिरी, कुठल्यातरी वेगळ्याच कोटाचं. उजवा खांदा अजून सरळ दिसत होता. मी माझी अख्खी कॉफी काउंटरपाशी उभी राहून संपवली आणि निघाले. मागे तो तरुण पुन्हा हसला.

घरी आले तेव्हा वडील कुणाच्या तरी कोटाची कॉलर बसवत होते. मी म्हणाले, "अण्णा दिसले. कोट घातला होता."

वडिलांनी मान वर केली नाही. कॉलर सारखी करत विचारलं, "बगलेत उसवलाय का?"

"नाही."

"हं," ते म्हणाले, आणि मशीनच्या चाकाला हात लावला.